मे महिन्याची सुट्टी जमिनीखाली

मराठी भाषेत खाणीला मान मोठा. मुलगी हुशार निघाली की आपण तिला गुणांची खाण म्हणतो, आणि मुलगा बापाच्या वळणावर गेला की ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळे होतो. परंतु हे शब्द उठता-बसता वापरणाऱ्या आपल्या पांढरपेशा मंडळींपैकी प्रत्यक्ष खाण किती जणांनी पाहिलेली असते? आम्हा नवी मुंबईकरांना खाण ठाऊक आहे ती पारसिकच्या डोंगराची. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना डोंगराच्या कुशीला जे मोठमोठे ओरखडे दिसतात, त्या दगडखाणी. त्यापलीकडे खाणीशी आमचा संबंध नाही.

म्हणूनच, तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतील एका मुलीने खाण अभियांत्रिकीला जाण्याचे ठरविले तेव्हा साऱ्या इमारतीत कुजबुज झाली. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, आजी मूळची वाईची. प्रवेशपरीक्षेतील गुणांवर दोन वाटा मोकळ्या होत्या. एक मुंबईजवळच्या खासगी महाविद्यालयात संगणकाची; दुसरी नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत खाणीची. मुलीने दुसरी धरली. वडील एका संध्याकाळी माझ्याकडे आले.

“मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता. तिला जरा समजावून सांगा. खाणीत काय जायचं मुलीनं? ‘काला पत्थर’ पाहिलाय ना तुम्ही?”

मी मराठीची प्राध्यापिका. खाणीबद्दल मी काय समजावणार? परंतु प्रश्न बापाच्या काळजीचा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा चित्रपट ज्या दुर्घटनेवरून सुचला, ती खरोखरच घडलेली आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील कोळसा खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेले पाणी एकाएकी फुटून आत आले आणि ३७५ माणसे बुडाली. मी त्यांना एवढेच म्हटले की, पहिली उन्हाळी सुट्टी होऊ द्या. ती स्वतः खाण पाहून येऊ दे आणि मग बोलू.

खाणीचे शिक्षण वर्गात होत नाही, हे या मंडळींना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून सुट्टीतील काही आठवडे खाणीत काढणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. आपली मुले मे महिन्यात आंबे खायला कोकणात जातात. ही मुले त्याच महिन्यात चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूला जातात. चंद्रपूरचा मे महिना ज्याने सोसला आहे त्यालाच या सुट्टीची चव कळेल. पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

मुंबईकराला नागपूर म्हणजे संत्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. परंतु वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय तेथे आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचे तेथे आहे, आणि १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचेही तेथेच आहे. खाणीचे शिक्षण घेण्यास महाराष्ट्रात याहून सोयीचे गाव नाही.

दुसरे वर्ष संपल्यावर आमची मुलगी एका कोळसा खाणीत गेली. आधी वैद्यकीय तपासणी; मग प्रशिक्षण केंद्रातील धडे, कारण त्यांच्याशिवाय नवख्याला खाली सोडत नाहीत. त्यानंतर दिवाघर. तेथे टोपीवरचा दिवा घ्यावयाचा, कमरेला श्वसनरक्षक डबी बांधावयाची आणि हजेरीचा बिल्ला द्यावयाचा, म्हणजे आत कोण आहे हे वर कळते. विडी-काडी, मोबाईल सगळे बाहेर. मिथेन वायू हवेत पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीसरशी स्फोट होतो. पण तेथवर वाट पाहात नाहीत, सव्वा टक्क्यालाच माणसे मागे घेतात.

पहिल्या दिवशी तिला खाली नेलेच नाही. सोबतच्या मुलांना नेले आणि तिला कचेरीत नकाशे पाहात बसविले. कोणी वाईट बोलले नाही; ‘बेटा, उद्या पाहू’ असे प्रेमानेच सांगितले. ती म्हणते की रागावले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी तिने कायद्याचा कागदच पुढे ठेवला.

या कागदाची हकिकत सांगण्याजोगी आहे. पूर्वी झरियाच्या खाणींत बायका नवऱ्याच्या जोडीने जमिनीखाली कोळसा भरीत. १९३७ साली त्यांना खाली जाण्यास बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा हवा होता म्हणून १९४३ साली ती उठविली आणि गरज सरताच १९४६ साली पुन्हा घातली. म्हणजे गरज असेल तेव्हा बाईची प्रकृती नाजूक नसते! १९५२ च्या खाण कायद्याने ही बंदी कायम केली. अखेर २०१९ साली सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना जमिनीखाली जाण्यास परवानगी दिली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात, आणि त्यांच्या लेखी संमतीने. त्याच्या कितीतरी आधी डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीला नुसता प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात जावे लागले होते. त्याच पुढे नागपूरला केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. आणि २०२१ साली झारखंडच्या आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत काम करणाऱ्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. आमच्या मुलीच्या खोलीत दोघींची वर्तमानपत्रातील कात्रणे चिकटवलेली आहेत.

तर दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. तिला ज्याच्या हवाली केले तो सरदार. आम्ही मराठीवाले सरदार म्हटले की घोड्यावरचा माणूस डोळ्यांपुढे आणतो. खाणीतील सरदार म्हणजे आपल्या वाट्याच्या भागाची आणि तेथील माणसांच्या जिवाची जबाबदारी असलेला, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेला माणूस. एका अर्थी शब्द चुकला नाही. या पन्नाशीच्या गृहस्थाने तिला सर्वांत आधी छत वाजवायला शिकविले. हातातील काठी छताला ठोकावयाची आणि दुसऱ्या हाताची बोटे तेथेच टेकून ठेवावयाची. घट्ट दगड खणखणीत वाजतो. सुटलेला दगड बद्द वाजतो आणि बोटांना थरथर जाणवते. घरी आल्यावर तिने हे आजीला सांगितले. आजी लगेच म्हणाली, “म्हणजे माठ घेताना वाजवून बघतो तसंच की गं!” त्या दिवसापासून आजीचा विरोध निम्म्याने ओसरला असे मला वाटते. जे काम आपल्या हाताच्या ओळखीचे असते त्याची भीती वाटत नाही.

वडिलांच्या चासनालाचे उत्तरही तिला त्या कचेरीतच मिळाले, आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवशी नाइलाजाने पाहिलेल्या नकाशांत मिळाले. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या साठ मीटरच्या आत परवानगीवाचून नवे काम न्यावयाचे नाही, असा नियम आहे. परंतु जुने काम नेमके कोठवर गेले होते हे ज्या नकाशावरून कळावयाचे तोच चुकला, तर नियम काय करणार? म्हणून ती पुढचे दोन आठवडे सर्वेक्षकाच्या मागे मोजणीची काठी धरून हिंडली. “बाबा, खाणीत माणसं नुसत्या पाण्यानं मरत नाहीत, चुकीच्या नकाशानंही मरतात,” असे तिने वडिलांना सांगितले. ते गप्प राहिले. पण मग आपण होऊन मला जसवंतसिंग गिल यांची गोष्ट सांगितली. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले तेव्हा या अभियंत्याने वरून भोक पाडून, पोलादी पिंजरा खाली सोडून, त्यातून स्वतः उतरून ६५ माणसे एकेक करून वर काढली. सहा माणसे मात्र त्या खाणीतच गेली. बापाने ही गोष्ट शोधून वाचलेली होती, हे मला महत्त्वाचे वाटले.

आता परिषदांविषयी. खाणवाल्यांच्या संस्था जुन्या आहेत. कलकत्त्याची खाण, भूशास्त्र व धातुशास्त्र संस्था १९०६ ची, तर खाण अभियंत्यांची अखिल भारतीय संघटना १९५७ ची. त्यांच्या परिसंवादांना विद्यार्थी जातात. आमच्या साहित्यिक परिषदांप्रमाणे तेथेही पुष्कळ निबंध नुसते वाचले जातात आणि श्रोते घड्याळाकडे पाहतात, हे ऐकून मला आपलेपणा वाटला. परंतु आमची मुलगी हुशार. निबंधापेक्षा जेवणाच्या रांगेकडे तिने लक्ष ठेवले. ताट घेऊन ती एका पिकल्या केसांच्या निवृत्त व्यवस्थापकांशेजारी जाऊन बसली आणि तिने सरळ विचारले, की धातूच्या भूमिगत खाणीत सुट्टीत काम करावयाचे तर अर्ज कोणाकडे करावा? त्यांनी पानाच्या कडेवर दोन पदनामे लिहून दिली आणि अर्जात काय लिहावयाचे तेही सांगितले. पांढरपेशा घरातील मुलांना ओळखीची लाज वाटते, आणि ज्यांच्या घरात त्या धंद्यात कोणी नाही त्यांना ओळख व्हावी कोठून? माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिषदेचा खरा उपयोग हाच.

त्या अर्जामुळे तिसऱ्या वर्षानंतरची सुट्टी मँगनीजच्या खाणीत गेली. पोलाद करावयाचे तर मँगनीज हवेच. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट या पट्ट्यात ते शंभर वर्षांहून अधिक काळ निघत आहे. कोळशात खांब सोडून खोदतात. येथे धातुक काढून झाले की पोकळीत पाण्यासोबत वाळू भरतात आणि त्या वाळूवर उभे राहून वरचा थर काढतात. वायूची धास्ती कमी. ओझे मात्र दुप्पट, कारण दगडच जड. वर उन्हात बायका हातोडीने धातुक फोडून निवडीत बसलेल्या होत्या. त्यांतील एकीने तिला दिवा लावलेली टोपी घालून वर येताना पाहिले आणि विचारले, “खाली काय असते वो, बाई?” ती बाई कित्येक वर्षे त्या खाणीच्या तोंडाशी काम करीत होती. आमच्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत तिला जमिनीवर काडीने नकाशा काढून दाखविला.

हे सगळे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. भूमिगत खाणीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची अडचण होती; ती सकाळी पाणी बेताने पिऊन जाई आणि त्या उकाड्यात ते बरे नव्हे. शिवाय देशातील कोळशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो, म्हणजे जमिनीखालच्या जागा मोजक्याच. नोकरी लागल्यावरही ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करून खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा दिल्याशिवाय व्यवस्थापक होता येत नाही.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आली आहे, तिची सुट्टीची वही मी नुकतीच चाळली. इंग्रजीत लिहिलेल्या त्या वहीत रोजच्या पानाखाली सरदाराची सही आहे, आणि त्यांतील एका पानावर त्याने देवनागरीत दोन शब्द लिहिले आहेत: ‘छत तपासले’. वडिलांनी त्या पानाची छायाप्रत काढून आपल्या कपाटात ठेवली आहे. नोकरीचा अर्ज मात्र अजून कोठे करावयाचा यावर घरात रोज रात्री वाद चालतो. आई गुजरातेतील उघड्या खाणीच्या बाजूची, आणि मुलगी, अर्थात, जमिनीखालच्या.