वैशाखात साल्हेर चढून पाहा

उन्हाळ कांदा चाळीत पडला, आखाजीला आलेल्या लेकी अजून माहेरी आहेत आणि नांगरलेली जमीन उन्हात तापत पडली आहे. शेतकऱ्याला जरा सवड मिळते ती याच दिवसांत. त्यातला एक दिवस साल्हेरसाठी काढा.

'मालेगावच्या उन्हात डोंगर चढायचा?' असे घरची वडीलधारी माणसे विचारतील. त्यांना सांगा, की हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंच, तर साल्हेरचा माथा १५६७ मीटर. खाली अंगाची लाही होत असते, तेव्हा वर वारा सुखाचा लागतो. महाराष्ट्रात याहून उंच शिखर एकच, कळसूबाई. आणि याहून उंच किल्ला एकही नाही.

वाट आपल्या ओळखीची आहे. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करीत साल्हेरवाडी गाठावी. आदल्या रात्री पायथ्याच्या गावी मुक्काम करावा आणि उजाडण्यापूर्वी चढू लागावे. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे ओलांडीत आपण वर येतो. अगदी माथ्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर आहे. इथूनच त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला, अशी कथा सांगतात. १६७१ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. मोगलांनी त्याला वेढा घातला, तेव्हा १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी पायथ्याच्या मोकळ्या रानात मोगली फौजेचा पराभव केला. सूर्यराव काकडे त्याच लढाईत पडले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे.

पण शेतकऱ्याने वर जाऊन पाहायचे ते पाणी! हिमालयात उन्हाळ्यातही डोंगरावर बर्फ उरतो आणि तो वितळून नद्या वाहतात. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. इथे पावसाळ्याची शिल्लक राहते ती पाण्याच्या रूपाने. खाली विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि वर गंगासागर तलावात, कातळातल्या टाक्यांत पाणी दिसते. हा चमत्कार नव्हे. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. त्यांतला अखंड, कठीण थर पाणी मुरू देत नाही. जुन्या लोकांनी तो पारखून टाकी खोदली. जिथे खडकाला भेगा आहेत, तिथे पाणी आत मुरते आणि खाली झऱ्यांना लागते.

आता हे घरच्या हिशेबात धरा. मालेगावातून वाहत जाऊन गिरणेला मिळणारी मोसम याच डोंगररांगेतून निघते. हरणबारी धरणही तिच्यावरच आहे. उतारावर गवत-झाडोरा असेल, तर पावसाचे पाणी थबकते, मुरते आणि हळूहळू खाली येते. उतार उघडा पडला, की तेच पाणी माती घेऊन धावते, धरणात गाळ साचतो आणि झरे लवकर आटतात. म्हणून वाळल्या गवतात विडीचे थोटूक टाकू नका, चूल पेटवू नका. डोंगरावरचा वणवा पुढे आपल्याच विहिरीला भोवतो. शेततळे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: उथळ, पसरट पाणी ऊन लवकर उडवून नेते, खोल आणि सावलीतले पाणी टिकते. गाळ मात्र दर उन्हाळ्यात काढावा लागतो.

निघताना माणशी तीन लिटर पाणी घ्या. टाक्यांच्या भरवशावर राहू नका आणि त्यांत पाय धुऊ नका. डोक्याला उपरणे किंवा टोपी, सोबत गूळ, भाकरी आणि कैरीचे पन्हे असू द्या. कड्याजवळ पोरांचा हात सोडू नका. अकरापर्यंत खाली यावे. वळवाचे ढग दिसले, तर लगेच उतरावे. माथ्यावर विजेचा धोका मोठा. कोणी बरळू लागले किंवा अंग तापून भोवळ आली, तर सावलीत निजवून अंग ओले करा, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

पोरांना सोबत जरूर न्या. आपल्या बांधापर्यंत येणारे पाणी कुठून निघते, हे त्यांना माथ्यावरून बोट दाखवून सांगता येईल. उद्या तो डोंगर त्यांनाच राखायचा आहे.