टाइप १ मधुमेहात खेळ थांबवू नका, आणि इन्सुलिनही थांबवू नका

बेळगाव : शाळकरी मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं की घरातला पहिला निर्णय बहुतेक वेळा एकच असतो, आता खेळ बंद. तालीम बंद, कबड्डी बंद, पीटीच्या तासाला वर्गात बसून राहायचं. चक्कर येऊन पडेल ही भीती खोटी नाही. पण अलीकडचं संशोधन वेगळीच शक्यता दाखवतं. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत केलेला व्यायाम, शरीरात उरलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना जास्त दिवस तग धरायला मदत करत असावा.

आपल्याकडे 'शुगर' म्हटलं की पन्नाशीतला, पोट सुटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तो टाइप २. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना परकं समजून मारते. गोड खाण्यानं तो होत नाही, आईबापाच्या चुकीनंही नाही. कर्नाटकातल्या १९९५ पासूनच्या नोंदवहीत दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण चार नवे रुग्ण आढळले. आजार कमी दिसतो म्हणून लवकर ओळखूही येत नाही. पोरगं सारखं पाणी पितं, रात्री अंथरूण ओलं करतं, महिन्याभरात वाळतं, आणि घरी 'जंत झाले असतील' म्हणतात. उलट्या आणि जोराचा श्वास सुरू झाला तर थांबायचंच नाही. दवाखाना गाठून आधी रक्तातली साखर बघायची.

निदानाच्या वेळी सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की उरलेल्यांना उसंत मिळते आणि काही महिने अगदी कमी डोसवर भागतं. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात (लहान पोरांच्या आजाराला हे नाव कुणी दिलं कोण जाणे). घरच्यांना वाटतं, रोग गेला. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन बंद आणि काढे सुरू. घात इथंच होतो, कारण आतला हल्ला चालूच असतो.

या काळात व्यायाम काय करतो? पळताना, दंड-बैठका मारताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. तेवढा भार बीटा पेशींवरून उतरतो. शिवाय राबणारे स्नायू रक्तात काही रसायनं सोडतात. त्यातलं इंटरल्यूकिन-६ हे एक. व्यायाम केलेल्या माणसांच्या रक्तातला द्रव प्रयोगशाळेत बीटा पेशींना दिला, तेव्हा त्या मारक रसायनांपुढे जास्त टिकल्या.

माणसांमधला पुरावा अजून अपुरा आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे डॉ. पार्थ नरेंद्रन आणि सहकाऱ्यांनी नुकतंच निदान झालेल्या ५८ जणांवर वर्षभर चाचणी केली. निकाल २०१७ मध्ये आला. पेशी घटण्याचा वेग दोन्ही गटांत वरवर सारखाच दिसला. इन्सुलिनला शरीर किती दाद देतं याचा हिशेब धरल्यावर मात्र व्यायाम करणाऱ्यांच्या बाजूनं थोडा फरक दिसला. त्यांच्याच गटाच्या २०१९ च्या तुलनेत, नियमित व्यायाम करणाऱ्या सडपातळ पुरुषांचा हनिमून इतरांपेक्षा पाचपट लांबला होता. अभ्यास छोटा, तोही फक्त पुरुषांचा. तेव्हा 'व्यायामानं टाइप १ बरा होतो' असं कुणी मोबाइलवर पाठवलं तर ते खोटं समजावं.

तरीही थोड्या पेशी वाचल्या तरी मोल मोठं आहे. ज्यांच्यात थोडं स्वतःचं इन्सुलिन शिल्लक असतं, त्यांची साखर अचानक फार खाली जाण्याचे प्रसंग कमी येतात आणि डोळे, किडनीचं नुकसानही कमी होतं. किती शिल्लक आहे हे सी-पेप्टाइड या रक्त तपासणीतून कळतं.

मैदानावर जाण्याआधी साखर तपासायची. ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घेऊन ती वर येईपर्यंत थांबायचं. २७० च्या वर असेल तर कीटोन बघायचे. ते वाढलेले असतील तर त्या दिवशी खेळ नाही. पळायचं असेल तर मांडीत इंजेक्शन टाळावं, तिथून इन्सुलिन झपाट्यानं रक्तात जातं. डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं. हात थरथरले, घाम फुटला तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. आपला बेळगावी कुंदा इथं कामाचा नाही. दुधातल्या स्निग्धतेमुळं त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. संध्याकाळी खूप खेळणं झालं असेल तर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्याआधी एकदा बघावं.

बेळगावात केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात मधुमेह केंद्र आहे. निपाणी भागातले बरेच जण कोल्हापूरला जातात. उपचार कुठंही असोत, वर्गशिक्षक, पीटीचे सर आणि तालमीतले वस्ताद यांना मुलाच्या आजाराची कल्पना द्यावी, आणि त्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी कायम असावी.