सांभरचे खारे पाणी आणि पाहुणे पक्षी

राजस्थानातील सांभर हे भारतातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर. १९९० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मेंढा, रूपनगढ यांसारख्या हंगामी नद्या पावसाळ्यात त्यात पाणी आणतात, पण बाहेर एकही नदी पडत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. म्हणून पावसाळ्यात सौम्य असलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत समुद्राहूनही खारट होते आणि उघड्या पडलेल्या तळावर मिठाचा पांढरा थर चढतो.

इतका खारटपणा फार थोड्या जीवांना सोसतो. मासे तर टिकतच नाहीत. जे जीव तगतात, त्यांना स्पर्धक उरत नाही आणि ते बेसुमार वाढतात. स्पायरुलिनासारखी सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळे, बारीक कवचधारी जीव आणि चिखलातल्या माश्यांच्या अळ्या हेच इथले अन्नभांडार.

त्यावर जगण्याची प्रत्येक पक्ष्याची रीत वेगळी. रोहित अर्थात फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येते आणि चोचीच्या कडांवरील झालरीतून गाळून बाहेर जाते. छोट्या रोहिताची झालर अगदी बारीक असल्याने त्याला शेवाळ गाळता येते. मोठा रोहित अळ्या आणि कवचधारी जीव टिपतो. त्यामुळे दोघे एकाच पाण्यात चरू शकतात. पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातील रंगद्रव्यांतूनच येतो. पोटात गेलेले जादा मीठ डोळ्यांवरील क्षारग्रंथी नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. रोहित कच्छच्या रणात वीण घालतात, तर थापट्या, तलवार बदक आणि चिखलपक्ष्यांच्या कित्येक जाती हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठी येतात.

हा समतोल किती नाजूक आहे, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसले. पंख आणि पाय लुळे पडून, मान टाकून हजारो पक्षी काठावर मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बॉट्युलिझम हे कारण निश्चित केले. या रोगाचे जिवाणू प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि सडत्या मांसात विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यावर वाढणाऱ्या अळ्यांत ते साठते, त्या अळ्या खाणारा पक्षी मरतो आणि त्याच्या कलेवरावर पुन्हा अळ्या पोसतात. कलेवरे तातडीने उचलून नष्ट करणे हाच ही साखळी तोडण्याचा खात्रीचा मार्ग.

रोगाइतकाच गंभीर धोका पाण्याच्या कमतरतेचा आहे. पाणलोटातले बंधारे नद्यांचे पाणी वरच अडवतात आणि बेकायदा मीठ उत्पादनासाठी कूपनलिकांनी तळाचे खारे पाणी उपसले जाते. पाऊस पुरेसा पडूनही सरोवर मग अर्धे कोरडे राहते, आणि उथळ पाणी लवकर आटल्याने पक्ष्यांचा चारा ऐन हिवाळ्यात संपतो. सांभरचे रक्षण म्हणजे केवळ काठावर शिकारबंदी नव्हे. नद्यांचे पाणी सरोवरापर्यंत पोहोचू देणे आणि उपसा थांबवणे, हे त्यातले पहिले काम आहे.