गुत्ता बंद झाला, पुढे काय?

किर्लोस्करवाडीचे रेल्वे स्टेशन पूर्वी ‘कुंडल रोड’ या नावाने ओळखले जाई. ज्या गावावरून हे नाव पडले, ते कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे ते एक प्रमुख केंद्र होते. क्रांतिवीर जी. डी. बापू लाड याच गावचे. इंग्रजी सत्तेशी झुंजत असतानाच या मंडळींनी न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची गांधी-पद्धतीची लग्ने लावली आणि दारूबंदीही अमलात आणली.

स्वराज्यासाठी जिवावर उदार झालेल्यांना गुत्त्याची एवढी चिंता का वाटावी? कारण उघड आहे. ज्या घरची कमाई गुत्त्यात जाते, त्या घरात स्वराज्य पोहोचायचे कसे?

गावाने एकजूट केली तर गुत्ता बंद होतो. आजही महाराष्ट्रात स्त्रिया मतदानाने ‘बाटली आडवी’ करून दुकान बंद पाडू शकतात. परंतु अंगात मुरलेले व्यसन दुकानाच्या कुलुपाने जात नाही.

आणि ते खेड्यापुरतेच असते असे कोणी समजू नये. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली. त्यातला सुधाकर अडाणी मजूर नव्हता, तो वकील होता. सुशिक्षित घरात व्यसन फक्त अधिक काळ लपून राहते. ‘यांना जरा बरं नाही’ असा निरोप कचेरीत पत्नीच धाडते, आणि मुले मित्रांना घरी बोलावणे सोडून देतात.

माणसाचे जगणे किती चांगले, हे पाहताना जागतिक आरोग्य संघटना शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती अशा चार अंगांचा विचार करते. दारू या चारही अंगांना पोखरते. यकृत बिघडते, झोप विसकटते, उदासी वाढते, शब्दावरचा विश्वास उडतो, पैसा आणि घरातली निर्धास्तता दोन्ही जातात. शेवटी तो मौजेसाठी पीत नाही; हात कापू नयेत म्हणून पितो.

येथेच घरच्यांनी सावध राहावे. गळ्यात माळ घालून सुटलेले लोक आहेत, त्या श्रद्धेचा मान राखावा. परंतु रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर काही तासांतच कंप आणि घाम सुटतो. काहींना झटके येतात, दोन-चार दिवसांत भ्रमही होतो. हे जिवावर बेतू शकते. म्हणून शपथ घालून खोलीत कोंडण्यापेक्षा प्रथम डॉक्टर गाठावा.

व्यसन हा आजार आहे, या समजुतीतूनच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. उपचार घेऊन बरे झालेले पुन्हा घसरतातही; पण मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढतो का? मात्र आजार म्हणजे मारझोडीला मुभा नव्हे. पत्नीने आणि मुलांनी आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. त्यात कसलीही निष्ठुरता नाही.

कुंडलच्या माणसांनी दारूचा प्रश्न चावडीवर आणला, चारचौघांत मांडला. आपल्या बिऱ्हाडांतून तो निदान डॉक्टरांच्या खोलीपर्यंत तरी जाऊ द्या. अब्रू उपचाराने जात नाही. लपवालपवीने माणूस मात्र जातो.