पाच क्विंटल पाल्यात एक ग्रॅम

परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या काळ्या रानातल्या पऱ्हाटीचा हिशेब क्विंटलात होतो. तिच्या पानातलं विष मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं. बीटी कपाशीतलं हे विष म्हणजे क्राय१एसी नावाचं प्रथिन. हिरव्या बोंडअळीला आवरायला ग्रॅमभर पाल्यात ते किमान १.९ मायक्रोग्रॅम तरी हवं, असं केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतून मांडलं. म्हणजे पाच क्विंटल पाला पिळला तरी हाती जेमतेम ग्रॅमभर! रेणू मोजायला बसलात तर उलटीच गंमत: ग्रॅमभर पानात ते साडेआठ लाख कोटींच्या घरात जातात.

असली प्रथिनं हुडकायला १९७९ पासून वेस्टर्न ब्लॉट आहे. जेलमध्ये प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रतिपिंडाकडून पकडायचं. प्रतिपिंडाला जोडलेलं विकर प्रकाश देतं आणि पडद्यावर रेघ दिसते. चांगली रसायनं असली तर पिकोग्रॅमही दिसतो, म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा क्राय१एसीत सुमारे ४६ लाख रेणू असतात. परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. म्हणजे तसले अडीच जिल्हे त्या अंधुक रेघेत मावले.

मग अडतं कुठे? गर्दीत. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा रुबिस्को या एकट्या प्रथिनाचा असू शकतो. ग्रॅमभर पानातून अशी प्रथिनं १० मिलिग्रॅम निघाली असं धरलं, तर रुबिस्को वजनाने आपल्या प्रथिनाच्या अडीच हजार पटींहून जास्त भरतं. रेघ फिकी आली की नवखा माणूस नमुना वाढवतो. त्याने रुबिस्कोही वाढतं, जेलमधली नमुन्याची पट्टी फुगते, रेघा वाकतात. त्यापेक्षा रुबिस्को आधीच कमी करावं. कपाशीच्या पानातली तुरट द्रव्यंही अर्क काढतानाच शोषून घ्यावीत, नाहीतर ती प्रथिनांना चिकटून बसतात. पडद्याची रिकामी जागा बुजवायला बहुतेक ठिकाणी साधी दूध पावडरच वापरतात, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. ती कमी पडली तर सगळा पडदा उजळतो, जास्त झाली तर फिकी रेघही झाकली जाते. पडदा प्रतिपिंडाच्या द्रावणात ४ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवावा. घाई केली तर महागडं रसायनही फुकट.

क्रांतींच्या मोजणीत हे प्रथिन सगळ्यात कमी भरलं ते फुलाच्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत. अळी बोंडात शिरते ती हीच साल पोखरून.