आबांचा फोटो मोठा करताना

मोबाईलमधला फोटो दोन बोटांनी हवा तेवढा ताणता येतो, म्हणून छापतानाही तो कुठल्याही मापात बसेल असं आपण धरून चालतो. कागद मात्र असं ऐकत नाही. स्टुडिओत ४×६, ५×७, ८×१०, ८×१२, १२×१८ ही इंचांतली मापं ठरलेली असतात आणि मोबाईलचा ४:३चा फोटो यातल्या एकातही नीट बसत नाही. काहीतरी कापावंच लागतं. काय कापायचं हे आपण सांगितलं नाही, तर मशीन दोन्हीकडून सारखं कापून मोकळं होतं. कडेला उभी असलेली आत्या मशीनला दिसत नाही.

हा घोळ झाला कसा, ते थोडक्यात उरकतो. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने भेटपत्राएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं आणि फोटोला ठरावीक मापं चिकटायला लागली. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांमुळे ८×१० रूढ झालं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची फ्रेम २४×३६ मिलिमीटर, म्हणजे २:३. ४×६, ८×१२, १२×१८ ही सगळी त्याच घराण्यातली. जुन्या टीव्हीचं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचं ४:३ पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी आणि मोबाईलनेही उचललं. इतिहास इथेच पुरे.

आता हिशेब. मोबाईलचा फोटो ४०००×३००० पिक्सेलचा धरा. तो ४×६ वर घ्यायचा तर वरून-खालून मिळून ३३३ पिक्सेल जातात, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा. मोठ्या कॅमेऱ्याचा ६०००×४००० चा फोटो ४×६ आणि १२×१८ वर तंतोतंत बसतो. पण हौसेने ८×१० मागितला की त्याचा सहावा हिस्सा उडतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत सहावा हिस्सा म्हणजे दोन्ही टोकांचे दोन पाव्हणे. मोबाईलवाल्यांनी ६×८ मागून बघावा. तो ४:३ च आहे, काहीच कापावं लागत नाही. हे माप मिळत नसेल तर पांढरी कड सोडून अख्खा फोटो घ्यावा. लोकांना ती कड गरिबीची वाटते, मला ती प्रामाणिक वाटते. ताणून बसवलेला फोटो मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोद्याकडून येणारा आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो. अशा फाट्यावर स्टुडिओ, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म हे सहसा एकाच छपराखाली चालतं. लातूरला क्लास लावलेली पोरं नीटच्या फॉर्मसाठी पासपोर्ट आणि पोस्टकार्ड असे दोन्ही फोटो मागतात. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म २००×२३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो मागतो. ३५×४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट एका ४×६ च्या कागदावर कसे बसतात, हे तिथल्या पोराला झोपेतही सांगता येईल.

जवळच कपिलधारचा धबधबा आहे. मन्मथस्वामींची समाधीही तिथेच. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाडाभरातून दिंड्या येतात. पावसाळ्यात धबधब्यापुढे जो तो मोबाईल उभा धरतो आणि स्क्रीन भरावा म्हणून १६:९ वर ठेवतो. हा फोटो ४×६ वर घेतला की उंचीचा साधारण सहावा हिस्सा जातो. मधून कापला तर धारेचा उगमही जातो आणि खालचं कुंडही. माझं मत विचाराल तर वरचं आभाळ कापा, कुंड ठेवा. पाणी कुठे पडतं ते दिसलं नाही तर तो धबधबा कसला?

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते काम वेगळंच आहे. घरातलं माणूस जातं. दहाव्याच्या आधी कुणीतरी स्टुडिओत येतं, मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "भाऊ, ह्याच्यातलं आबाचं तेवढं काढून मोठं करून द्या." मोबाईलमध्ये असतो लग्नातला ग्रुप फोटो, तोही व्हॉट्सअॅपवरून चार हात फिरून आलेला. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं; लांब बाजूला १६०० च्या आसपास पिक्सेल उरतात. ओळीत बारा माणसं असतील तर एकाच्या वाट्याला १३३ पिक्सेल, आणि चेहऱ्याला फार तर सत्तर. १२×१८ च्या कागदावर तो चेहरा चार इंचांचा केला तर इंचाला सतरा-अठरा ठिपके पडतात. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. भिंतीवर उंच टांगायचा असेल तर शंभर-दीडशेवर भागतं. सतरात कुणाचंच भागत नाही.

मग एआय मदतीला येतं. डोळे चमकतात, मिशीचा केस न् केस दिसतो. पण तो चेहरा आबांचा नसतो, आबांसारख्या कुणाचा तरी असतो. अशा प्रिंटपुढे उभी राहिलेली लेक काहीच बोलत नाही, नुसती बघत राहते. म्हणून माझा आग्रह असा: लग्नाच्या फोटोग्राफरकडून मूळ फाईल मागा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुना छापील फोटो असेल तर मोबाईलने त्याचा फोटो काढू नका, ६०० डीपीआयवर स्कॅन करा. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं. काहीच मिळालं नाही तर प्रिंट ५×७ चीच काढा आणि भोवती रुंद माउंट देऊन फ्रेम मोठी करा. लहान पण खरा चेहरा भिंतीवर शोभतो.

कापतानाही घाई नको. फ्रेमची पट्टी चारी बाजूंनी जवळपास पाव इंच खाते. त्यावर हार येतो आणि झेंडू नेमके फेट्यावर टेकतात. म्हणून डोक्यावर मोकळी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग हवाच. ग्रुपमधून माणूस काढला की खांद्यावर दुसऱ्याचा हात उरतो. स्टुडिओवाले तो पुसतात, नाहीतर आबांना आयुष्यात कधी न घातलेला कोट चढवतात. एका घरी असा हात पुसायचं ठरत होतं, तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू द्या की, नातवाचाच हाय." तो राहिला, आणि माझ्या मते त्या हातामुळेच फोटो आबांचा वाटतो.

या दिवाळीत पाडव्याला, भाऊबीजेला सगळे घरी जमतील. तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा एकेकाचा फोटो काढून ठेवा. ओसरीच्या उजेडात, मागच्या कॅमेऱ्याने, फिल्टर बंद करून, एक पाऊल मागे सरकून, चारी बाजूंना जागा सोडून. मग ८×१२ ची प्रिंट काढून आबांनाच दाखवा. नापसंत केली तर ते तिथल्या तिथे सांगतील, आणि दुसरा काढायला ते समोर आहेतच.