व्हेपच्या बाटलीवर जे लिहिलेलं नसतं

‘व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, नुसती वाफ असते, मग बिघडलं कुठे?’ हा प्रश्न कॉलेजातली मुलं हमखास विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण वाफ कशाची, ते बघूया.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण दम लागून, खोकत, उलट्या करत रुग्णालयात येऊ लागले. छातीचा एक्स-रे न्यूमोनियासारखा, पण जंतुसंसर्ग सापडेना. समान धागा एकच होता, व्हेप. बहुतेकांनी गांजातला नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, असलेली काडतुसं वापरली होती आणि पुष्कळांनी ती चोरट्या बाजारातून घेतली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्रव तपासला, तर ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिळालं. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांत ते एकातही नव्हतं.

हे आलं कुठून? टीएचसीचं तेल महाग आणि दाट. त्यात हे स्वस्त तेल मिसळलं तरी दाटपणा तसाच राहतो. दुधात पाणी घालणाऱ्याला निदान दूध पातळ दिसण्याची भीती असते, इथे तीही नाही! हेच ॲसिटेट तोंडाला लावायच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांतही असतं. त्वचेवर, पोटात ते चालतं. फुप्फुसाला मात्र तेल पचवता येत नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यात ६८ मृत्यू. इतर रसायनांचाही हात असू शकतो, असं तिथल्या आरोग्य यंत्रणेने तेव्हाच सांगून ठेवलं.

लोण्याचा स्वाद देणारं डायअसेटिलही असंच. खाण्यात चालतं, पण अमेरिकेतल्या मिसुरीत पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासनलिका त्याच्या वाफेने कायमच्या अरुंद झाल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले. ३९ मध्ये ते होतं.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे. म्हणजे इथे मिळणारा माल चोरटाच. ‘निकोटिन शून्य’ असं छापलं, तरी ते तपासलंय कोणी?

घरातल्या कुणाला व्हेपची सवय असेल आणि दम लागला, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. रागावणं नंतर. नुसत्या एक्स-रेवरून त्यांना ते कळणार नाही.